ओव्हरलोड की ओव्हरराइड? एका शब्दाने बिघडणारा प्रोग्रॅम

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत ‘बिंदू’ नावाचा एक क्लास, म्हणजे ऑब्जेक्ट घडवायचा साचा, लिहिला आहे. त्यात एक्स आणि वाय असे दोन आकडे. दोन बिंदू समान आहेत का हे तपासायला ‘इक्वल्स’ ही मेथड (क्लासमधला एक काम करणारा कोड) लिहिली आणि तिचा पॅरामीटर, म्हणजे तिला दिली जाणारी किंमत, ‘बिंदू’ याच प्रकारचा ठेवला. हॅशकोडही (ऑब्जेक्ट पटकन शोधायला लागणारा आकडा) बरोबर लिहिला. आता (३, ४) या किमतीचे दोन वेगवेगळे ऑब्जेक्ट घेऊन थेट तुलना केली की उत्तर ‘ट्रू’ येतं. पण पहिला बिंदू हॅशसेटमध्ये, म्हणजे समान वस्तू दोनदा न ठेवणाऱ्या संग्रहात, टाकून दुसरा त्यात आहे का असं विचारलं, तर ‘फॉल्स’! कोडचं यंत्रासाठी भाषांतर करणारा कंपायलर चकार शब्द काढत नाही.

इथे मेथड ओव्हरराइड करायची होती, ती ओव्हरलोड झाली. एका क्लासवरून दुसरा बनवला की पहिला सुपरक्लास आणि दुसरा सबक्लास. सुपरक्लासमधली मेथड त्याच नावाने आणि त्याच प्रकारच्या पॅरामीटरसह सबक्लासमध्ये नव्याने लिहिणं म्हणजे ओव्हरराइड. कोणती मेथड चालवायची हे प्रोग्रॅम चालू असताना, समोरचा ऑब्जेक्ट खरोखर कोणत्या क्लासचा आहे ते पाहून ठरतं. ओव्हरलोडमध्ये नाव तेच, पण पॅरामीटर वेगळे, आणि निवड कंपाइल होतानाच होऊन जाते. हॅशसेट मात्र सगळ्या क्लासचा मूळ सुपरक्लास असलेल्या ‘ऑब्जेक्ट’ प्रकारचा पॅरामीटर घेणारी मूळ इक्वल्स बोलावतो, आणि ती फक्त एवढंच पाहते की दोन्हीकडे तोच ऑब्जेक्ट आहे का. या दोन्ही प्रकारांना जो ‘मेथड परत लिहिली’ असं एकच नाव देतो, त्याला ही चूक डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. त्याच्या लेखी त्याने सांगितलेलंच काम केलेलं असतं. २००४ मध्ये आलेल्या जावा ५ पासून मेथडच्या वर ‘@ओव्हरराइड’ ही खूण लिहिता येते. सी++ मध्ये तशी सोय २०११ च्या मानकाने आणली. खूण असेल आणि मेथड ओव्हरराइड होत नसेल, तर कंपायलर तिथेच अडवतो. ती न चुकता लिहावी.

शब्दांचा हा गोंधळ जुना आहे. ऑस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी घडवलेल्या सिम्युला ६७ या भाषेने क्लास आणि ऑब्जेक्ट हे शब्द रुळवले. पुढे स्मॉलटॉक या भाषेने मेसेज आणि मेथड म्हटलं, सी++ ने मेंबर फंक्शन. जावातली सुपरक्लास-सबक्लास ही जोडी सी++ मध्ये बेस आणि डिराइव्हड क्लास होते. मला बेस-डिराइव्हड अधिक नेमकं वाटतं, कारण सबक्लासच्या ऑब्जेक्टमध्ये सुपरक्लासमधलं सगळं असतंच, वर भर पडते. ‘सब’ म्हटल्यावर मात्र मन काहीतरी कमी असल्याचं धरून चालतं.

एका गोष्टीची दोन नावं असणं त्यामानाने सुसह्य. शब्द तोच आणि अर्थ वेगळा, हे खरं घातक. जावात ‘प्रोटेक्टेड’ मेंबर (क्लासमधली मेथड किंवा फील्ड) सबक्लासबरोबर त्याच पॅकेजमधल्या, म्हणजे क्लासच्या एकाच गटातल्या, इतर क्लासनाही मोकळा असतो. सी++ मध्ये पॅकेजची ही सवलत नाही. सी# मध्ये फील्ड म्हणजे माहिती साठवणारा व्हेरिएबल, तर प्रॉपर्टी म्हणजे बाहेरून फील्डसारखी दिसणारी पण आतून किंमत वाचण्या-बदलण्याचा (गेट-सेटचा) कोड चालवणारी सोय. मराठीत लिहिताना दोन्हींना ‘गुणधर्म’ म्हटलं की हा फरकच पुसला जातो.

स्वतःच्या प्रकल्पात एक पानभर शब्दसूची पुरते: शब्द, एका ओळीत अर्थ, आणि त्याऐवजी वापरायचे नाहीत असे शब्द. ‘कस्टमर’ ठरला की ‘क्लायंट’ बंद. ‘गेट’ म्हणजे मेमरीतून आणणं आणि ‘फेच’ म्हणजे नेटवर्कवरून, असं ठरलं तर सगळीकडे तसंच.

जुनी नावं बदलताना साधं शोधा-आणि-बदला वापरू नये; ‘क्लायंट’ बदलता बदलता ‘एचटीटीपी-क्लायंट’चंही नाव बदलून जातं. एडिटरची रिनेम सोय वापरावी. मात्र अवतरणचिन्हांमधली नावं, जेसन या माहिती लिहिण्याच्या मांडणीतल्या ‘की’ (किमतींना दिलेली नावं) आणि डेटाबेसचे कॉलम तिच्या हाती सहसा लागत नाहीत. फील्डचं नाव बदललं आणि जेसनमधली ‘की’ जुनीच राहिली, तर बऱ्याच लायब्ररी कुरकुर न करता तिथे ‘नल’, म्हणजे रिकामी किंमत, ठेवून पुढे जातात. म्हणून आधी जुन्या नावाचा सगळ्या फायलींमध्ये शोध घ्यावा आणि जेसनची ‘की’ कोडमध्ये वेगळी लिहून पक्की करावी. बाहेरचे लोक वापरत असलेली मेथड लगेच काढू नये. जुन्या नावाची मेथड नवीला बोलावत राहील अशी ठेवून तिच्यावर ‘डेप्रिकेटेड’ची (यापुढे वापरू नका अशी) खूण करावी. नावबदलाचा कमिट (कोडमधल्या बदलांची एकत्र नोंद) स्वतंत्र ठेवावा. त्यात तर्कातला एखादा बदल मिसळला, तर शेकडो बदललेल्या ओळींत तपासणाऱ्याला तो सापडत नाही.