लूट देवाची, वाटा माणसांचा

बायबलच्या कथेत सिकलाग हे दावीदाच्या, इस्राएलाच्या भावी राजाच्या, मुक्कामाचे गाव. अमालेकी टोळीने ते जाळले आणि बायकामुलांसकट होते नव्हते ते पळवून नेले. दावीद ६०० माणसे घेऊन पाठलागावर निघाला. बसोर ओढ्यापाशी त्यांतले २०० जण पार थकले आणि सामानाजवळ थांबले. उरलेल्या ४०० जणांनी टोळीला गाठले, आपली माणसे सोडवली आणि शत्रूची गुरेमेंढरेही हाकत आणली. परतल्यावर भांडण जुंपले. लढून आलेल्यांतले काही म्हणाले, मागे बसलेल्यांनी आपापली बायकामुले घ्यावीत आणि चालू लागावे, लुटीतले काही मिळणार नाही.

दावीदाने हे मोडून काढले, पण त्याचे कारण बघा. थकलेल्यांवर दया करा, असे तो म्हणाला नाही. परमेश्वराने आपल्याला जे दिले त्याच्या बाबतीत असे वागू नका, हे त्याचे म्हणणे. विजय देवाचा असेल तर लूट ही लढणाऱ्याची मजुरी ठरत नाही, ते दान ठरते. आणि दानात तलवार कोणी चालवली याचा हिशेब चालत नाही. लढायला गेलेला आणि सामान राखणारा, दोघांना सारखा वाटा. शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथाच्या ३०व्या अध्यायानुसार तेव्हापासून हा इस्राएलाचा कायदाच झाला. दावीद मुरलेला राजकारणीही होताच. याच लुटीतून त्याने हेब्रोनसह यहूदातल्या अनेक गावांच्या वडीलधाऱ्यांना भेटी पाठवल्या, आणि लवकरच हेब्रोनात तो राजा झाला.

बायबलच्याच ‘गणना’ या ग्रंथाच्या ३१व्या अध्यायात हीच कल्पना पुरोहिती जमाखर्चाच्या भाषेत येते. मिद्यानी लोकांवरच्या स्वारीत १२,००० सैनिक गेले. लूट म्हणून ६,७५,००० शेरडेमेंढरे, ७२,००० गुरे आणि ६१,००० गाढवे आली. निम्मी सैनिकांना, निम्मी घरी राहिलेल्या समाजाला. सैनिकांच्या हिश्शातून ५००ला एक या प्रमाणात याजक एलाजाराला, समाजाच्या हिश्शातून ५०ला एक या प्रमाणात लेव्यांना, म्हणजे उपासनास्थानाची सेवा करणाऱ्या वंशाला. म्हणजे जिवावर उदार झालेल्यांवर देवाचा कर दहापट हलका. आणि वाटणी निम्मी-निम्मी असली तरी डोकी सारखी नव्हती. त्याच ग्रंथातली ६,०१,७३० पुरुषांची शिरगणती धरली, तर सैनिकाला सुमारे २८ मेंढरे पडतात आणि मागे राहिलेल्या दोघांत मिळून जेमतेम एक. दावीदाची समानता इथे नाही.

याच यादीत ३२,००० कुमारिकाही लूट म्हणून मोजल्या आहेत, आणि परमेश्वराचा अंश म्हणून त्यांतल्या ३२ याजकाकडे जातात. दानाच्या भाषेने ही बाजू झाकली जाऊ नये.

या यादीतले सगळे आकडे ५००ने नि:शेष भागले जातात आणि एकही सैनिक मरत नाही, यावरून हा अध्याय युद्धाचा अहवाल म्हणून वाचता येत नाही. बहुतेक अभ्यासक तो पुरोहित परंपरेतला, बऱ्याच उत्तरकाळचा मानतात. त्याचे लक्ष आहे शुद्धीवर. रक्ताचा किंवा प्रेताचा विटाळ झालेले सैनिक सात दिवस छावणीबाहेर राहतात, लुटीतली धातूची भांडी विस्तवातून काढून शुद्ध करतात. शेवटी सरदार आपल्या जिवाच्या प्रायश्चित्तासाठी १६,७५० शेकेल सोने वाहतात. आजच्या मापात ते सुमारे १९० किलो भरेल.

पण देवच मालक म्हटल्यावर तो सगळेच मागू शकतो. याला हेरेम म्हणत: जिंकलेले सर्व देवाला वाहायचे, म्हणजे बहुतांशी नष्ट करायचे. यरीहो शहर जिंकल्याच्या कथेत आखान नावाचा इस्राएली एक झगा, २०० शेकेल चांदी आणि सोन्याची एक वीट लपवतो. पुढच्या लढाईत इस्राएल हरतो आणि आखानाला दगडमार होतो. पुढे अमालेक्यांची उत्तम जनावरे राखून ठेवल्याबद्दल इस्राएलाच्या पहिल्या राजाचे, शौलाचे, राज्यच जाते. यज्ञासाठीच राखली होती, ही त्याची सबब संदेष्टा शमुवेल ऐकून घेत नाही.

ही रीत एकट्या इस्राएलाची नव्हती, याचा पुरावा दगडावर कोरलेला आहे. आजच्या जॉर्डनमधल्या धिबान इथे १८६८ साली इस्राएलाच्या शेजारच्या मवाब राज्याचा राजा मेशा याचा शिलालेख सापडला. काळ इसवी सनपूर्व ८४०च्या आसपासचा. आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. इस्राएलाच्या हातून नबो हे गाव घेतले, तिथले ७,००० लोक मारून ते देवाला वाहिले, इस्राएलाच्या देवाची, यहोवाची, पात्रे आपल्या कमोश देवापुढे ओढत नेली, असे मेशा सांगतो. ‘वाहणे’ या अर्थी त्याने वापरलेले क्रियापद हेरेमच्याच धातूचे. इथे बळी इस्राएलाचा, आणि धर्मशास्त्र तेच.

शतकांनंतर वाटेकरी बदलत गेले. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात बंडखोर सेनानी यहूदा मक्काबी याची माणसे सेल्युकिड या ग्रीक राजघराण्याच्या सैन्याकडून मिळालेल्या लुटीतून आधी छळ सोसलेल्यांना, विधवांना आणि अनाथांना देतात, मग उरलेले आपसात वाटून घेतात. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहेत सापडलेल्या ‘मंदिर-गुंडाळी’ या प्राचीन ज्यू हस्तलिखितात याजकांना हजारावा आणि लेव्यांना शंभरावा भाग मिळतो, उरलेले लढणारे आणि घरी राहिलेले यांत निम्मे होते. पण त्याआधी एक नवा हक्कदार येतो, ज्याचा ‘गणने’त मागमूस नाही: राजा. त्याचा वाटा दहावा, म्हणजे याजकांच्या शंभरपट.