एकवीस गिअर, त्यातले अठरा शोभेचे

ई-सायकलच्या जाहिरातीत हल्ली एक ओळ हमखास ठळक असते: '२१ गिअर!' दुकानात गेलात तर विक्रेताही बॅटरीच्या आधी गिअर मोजून दाखवतो. गिऱ्हाइकांमध्ये मग दोन तट पडतात. 'मोटर आहे तर गिअर हवेतच कशाला?' असं काही जण म्हणतात, तर बाकीच्यांना 'जितके गिअर जास्त तितकी बॅटरी कमी खाणार' अशी खात्री असते. दुसरा समज तर बहुतेक ई-सायकलींच्या बाबतीत साफ चुकीचा आहे.

आधी त्या २१ चा हिशोब. पुढे तीन चकत्या, मागे सात. तीन साते एकवीस. स्वस्त सायकलींत पुढे ४२, ३४ आणि २४ दाते आणि मागे १४ पासून २८ पर्यंत, अशी मांडणी सर्रास सापडते. पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागलं की पेडलच्या एका फेरीत चाकाच्या किती फेऱ्या होतात ते कळतं. आता ४२ भागिले २८ करा: दीड. २४ भागिले १६ करा: पुन्हा दीडच! पायाला दोन्हींत काडीचा फरक कळणार नाही, पण मोजताना गिअर दोन. ३४ ला १६ ने भागा आणि ४२ ला २० ने, तिथेही जवळपास तेच. सगळी यादी मांडली तर खरोखर वेगळे असे बाराच्या आसपास उरतात.

पण मुळात गिअर लागतात ते पायांसाठी. माणसाचे पाय मिनिटाला ६० ते ९० फेऱ्या या पट्ट्यात खूश असतात. त्याहून हळू फिरवायचं तर गुडघ्यावर ताण येतो, त्याहून जलद फिरवलं तर दम लागतो आणि पुढे सरकायला त्याचा उपयोग थोडाच होतो. म्हणजे पाय एकटे सांभाळू शकतात तो वेगातला फरक फक्त दीडपट. त्यापलीकडचा फरक गिअरनी भरून काढायचा.

किती फरक भरायचा आहे ते बघू. सायकल आणि स्वार मिळून ९५ किलो धरा. साधारण तब्येतीचा माणूस तासभर १०० वॉट शक्ती लावू शकतो असं धरू. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, एवढ्यात ताशी २० किलोमीटरचा वेग मिळतो. आता ८ टक्के चढ घ्या, म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर ८ मीटर वर. गुरुत्वाकर्षण आणि टायरचा विरोध मिळून साधारण ८२ न्यूटनचं बल मागे खेचतं. १०० वॉटला ८२ ने भागलं की सेकंदाला १.२ मीटर, म्हणजे ताशी साडेचार किलोमीटर. चालणाराही हाच वेग ठेवतो! २० आणि साडेचार यांच्यात साडेचारपटीचा फरक आहे. साध्या सायकलला घाटात भरपूर गिअर लागतात ते यामुळे.

त्याच चढावर आता २५० वॉटची मोटर जोडा. आपल्याकडे मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर वजनासारख्या आणखी काही अटी पाळून लायसन्स आणि नोंदणीतून सूट मिळते; त्यामुळे बाजारातल्या पुष्कळ सायकली याच मापात बसवलेल्या असतात. पाय १०० आणि मोटर २५० मिळून ३५० वॉट. त्याला ८२ ने भागा: ताशी १५ किलोमीटर. म्हणजे घाटात १५, सपाटीवर फार तर २५. फरक उरला पावणेदोन पटीहूनही कमी, आणि त्यातला दीडपट तर पायच सांभाळतात.

उरलेल्यासाठी तीन गिअर भरपूर झाले. हे तीन गिअर काही नवे नाहीत. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब (चाकाच्या मधोमध असलेला भाग) १९०२ पासूनचा. जुन्या इंग्रजी रॅले सायकलींच्या मागच्या चाकात तो असायचा, तसाच आजही मिळतो. त्याच्या नेहमीच्या प्रकारात खालचा गिअर मधल्याच्या पाऊणपट, वरचा एक-तृतीयांशाने जास्त. दोन टोकांत पावणेदोन पटीचा फरक! त्याला पायांच्या दीडपटीने गुणलं की ताशी साडेनऊपासून २५ पर्यंतचा सगळा वेग आरामात कवेत येतो. ई-सायकलसाठी नव्याने गिअर आखायला बसलो तरी यापेक्षा फार वेगळं काही निघणार नाही.

इथवर मी एक गोष्ट गृहीत धरली: मोटर चढावरही पूर्ण २५० वॉट देते. ती देते का? मोटर कुठे बसवली आहे यावर ते ठरतं, आणि मला या विषयातलं सर्वांत आवडतं प्रकरण हेच.

आपल्याकडच्या बहुतेक सायकलींत मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये असते. ती चाकाला थेट फिरवते. चेनशी तिचा संबंधच नाही. तुम्ही खटाखट गिअर बदला, मोटरला त्याचा पत्ताही लागत नाही. अशा बऱ्याच हबच्या पोटात मात्र एक गिअर असतो. मधोमध छोटं दातेरी चक्र, त्याच्याभोवती फिरणारी तीन चक्रं, बहुधा नायलॉनची, आणि बाहेरून आत दाते असलेलं कडं. चाकाची एक फेरी होईपर्यंत आतली मोटर चार-पाच फेऱ्या मारते. २६ इंची चाक ताशी २५ ला मिनिटाला २०० फेऱ्या घेतं, म्हणजे मोटर हजाराच्या घरात. पण हे गुणोत्तर कायमचं ठरलेलं, ते बदलायची सोय नाही.

याने काय बिघडतं? मोटरचा पीळ, म्हणजे टॉर्क, करंटच्या प्रमाणात असतो. तांब्याच्या वेटोळ्यांत तयार होणारी उष्णता मात्र करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. समजा चाकाला २० न्यूटन-मीटर टॉर्क देताना १०० वॉट उष्णतेत जातात. ताशी १५ ने चढताना हाच टॉर्क सुमारे २५० वॉटचं काम करतो. वेग ५ वर आला तर काम ८५ वॉटच्याही आत, पण उष्णता तेवढीच, १०० वॉट. कार्यक्षमता ७१ टक्क्यांवरून ४६ वर घसरली. आणि सायकल चढावर थबकली तर काम शून्य, उष्णता १०० वॉट. भरलेली कळशी हात सरळ करून धरून उभं राहिलं की कळशी तसूभर हलत नाही, तरी घाम फुटतो, तसंच हे. हबमधली मोटर तीव्र चढावर रेंगाळली की तापते ती यामुळे.

मोटर पेडलच्या आसाशी, क्रँकजवळ असेल तर चित्र पालटतं. तिची ताकद चेनमधूनच चाकाकडे जाते, म्हणून तुमचा प्रत्येक गिअर तिचाही गिअर होतो. पुढच्या-मागच्या दात्यांचं गुणोत्तर निम्मं केलं की त्याच वेगाला मोटर दुप्पट फिरते. टॉर्क निम्मा पुरतो, करंट निम्मा, आणि उष्णता थेट पाव! इथे मात्र रुंद पल्ल्याचे गिअर खरोखर बॅटरी वाचवतात. तरी पुढे एक चकती आणि मागे आठ-नऊ एवढंच पुरतं, एकवीस नाहीतच.

याच गणितातून 'चालता चालता स्वतःच चार्ज होणारी सायकल' हा व्हॉट्सॲपवरचा चमत्कारही तपासून घ्यावा. चाकाला डायनॅमो लावून त्याच चाकाला फिरवणारी बॅटरी भरायची, म्हणजे डाव्या खिशातला पैसा उजव्यात टाकताना दर खेपेला कमिशन कापून द्यायचं. ब्रेक लावताना ऊर्जा परत मिळवणं शक्य आहे, पण ती असते किती? ९५ किलोचा ऐवज ताशी २५ वरून थांबवला तर सगळी मिळून पाऊण वॉट-तासही नाही. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासाच्या बॅटरीत ३६० वॉट-तास मावतात. शिवाय वर सांगितलेल्या नायलॉनच्या चक्रांच्या हबमध्ये बहुधा एकेरी फिरणारा क्लच असतो, त्यामुळे चाकाकडून मोटरकडे ऊर्जा येण्याचा रस्ताच बंद.

बॅटरी संपली तर? मग तो ताशी साडेचारचा चढ पुन्हा तुमच्याच पायांवर. एकाच गिअरच्या सायकलवर, पुढे ४४ आणि मागे १८ दाते असताना, पेडलच्या मिनिटाला जेमतेम १४ फेऱ्या होतील. उतरा आणि ढकला. रोजच्या वाटेवर घाट असेल तर या एका कारणासाठी मागे २८ किंवा ३४ दात्यांची एखादी मोठी चकती जवळ असावी. मुंबईसारख्या सपाट शहरात, दहा-बारा किलोमीटरच्या ये-जा करणाऱ्याला हब मोटर आणि एक गिअर चालून जातो. ब्रसेल्सच्या काऊबॉय कंपनीने तर चेनऐवजी पट्टा लावून एकाच गिअरची ई-सायकल विकली.

क्रँकजवळच्या मोटरवाल्यांसाठी एवढंच सांगतो: ७५ फेऱ्यांना १०० वॉट लावणारा माणूस क्रँकवर सरासरी १३ न्यूटन-मीटर टॉर्क देतो, बॉशची डोंगरी सायकलींसाठीची मोटर ८५ किंवा त्याहूनही जास्त देऊ शकते, आणि हे सगळं त्याच चेनवर येतं. म्हणून चढ दिसला की गिअर आधीच उतरवा, टाकताना पेडलवरचा जोर क्षणभर सैल करा, आणि वर्कशॉपमध्ये चेन किती ताणली गेली आहे ते मापून घ्या. ताणलेली चेन मागच्या चकत्यांचे दातेही खाऊन टाकते, आणि मग दोन्ही एकदम बदलावं लागतं.