मुलांनी मुलांना शिकवण्याचे नियम कुठून आले

दोन मुलं शेजारी बसवायची, एकाला म्हणायचं 'तू शिकव', दुसऱ्याला म्हणायचं 'तू शीक'. एवढ्यावर सहाध्यायी शिकवणी सोडून दिली, तर थोड्याच वेळात एक जण उत्तरं सांगतो आणि दुसरा ती उतरवून घेतो. चांगल्या चाललेल्या तासात मात्र काही नियम हमखास दिसतात: भूमिका बदलणं, जोड्या लावायची ठरावीक रीत, चूक दुरुस्त करायचा ठरलेला क्रम. त्यांतल्या बहुतेकांमागे आधी कुठेतरी फसलेला किंवा अर्धवट जमलेला प्रयोग आहे. तो माहीत नसला की नियम जाच वाटतात आणि पहिल्या घाईच्या आठवड्यात गळून पडतात.

लिखित इतिहास बहुधा मद्रासपासून सांगितला जातो. १७८९ मध्ये अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री तिथल्या एग्मोरच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख झाला. मलबारी मुलांच्या एका शाळेत मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना त्यानं पाहिली आणि तीच रीत आपल्या शाळेत आणायचं ठरवलं. शिक्षकांनी दाद दिली नाही. मग त्यानं मुळाक्षरांचा वर्ग जॉन फ्रिस्केन या आठ वर्षांच्या मुलाकडे सोपवला. तो चालला, तेव्हा आणखी वर्ग मुलांच्या हाती गेले. १७९७ मध्ये बेलचा अहवाल लंडनमध्ये छापला गेला. तोवर पंतोजींच्या शाळांतून आपल्याकडे थोरल्या मुलांनी धाकट्यांना धूळपाटीवर अक्षरं आणि पाढे घालून देणं ही रोजचीच गोष्ट होती. बेलनं त्याची व्यवस्था बसवली आणि ती लिहून ठेवली.

१७९८ मध्ये जोसेफ लँकेस्टर यानं लंडनच्या साउथवर्क भागात गरीब मुलांसाठी शाळा काढली आणि ही कल्पना मोठ्या प्रमाणावर राबवली. एकच मोठा दिवाणखाना, साधारण दहा मुलांमागे एक मॉनिटर (म्हणजे शिकवायला नेमलेला विद्यार्थीच), भिंतीला टांगलेला वाचनाचा तक्ता आणि त्यासमोर अर्धवर्तुळात उभी मुलं. एका तक्त्यावर अनेक गट पाळीपाळीनं वाचत, त्यामुळे पुस्तकांचा खर्च वाचे. एक शिक्षक हजार मुलं सांभाळू शकतो, असा लँकेस्टरचा दावा होता. स्वस्ताई हेच या पद्धतीचं बळ आणि तीच तिची गोम. मॉनिटरला जेवढं सांगितलेलं असे तेवढंच तो पुढे सांगे. 'का?' असं विचारणाऱ्या मुलाला देण्यासारखं त्याच्याजवळ काही नसे, म्हणून शिकवणं घोकंपट्टीवर येऊन थांबलं. मॉनिटर स्वतः काय शिकतो, याला या हिशेबात फारसं स्थान नव्हतं. १८४६ मध्ये इंग्लंडमध्ये तेरा वर्षांपासून पुढच्या मुलांना पाच वर्षं उमेदवारी देणारी विद्यार्थी-शिक्षक योजना आली आणि मॉनिटरांची पद्धत मागे पडत गेली.

खरं वळण १९६०च्या दशकात आलं. न्यूयॉर्कमध्ये 'मोबिलायझेशन फॉर यूथ' या प्रकल्पात मोठी मुलं, त्यांतली काही स्वतःच वाचनात मागे असलेली, धाकट्यांना वाचायला शिकवत होती. रॉबर्ट क्लोवर्ड यानं १९६७ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांत शिकवणाऱ्या मुलांची स्वतःची प्रगती शिकणाऱ्यांपेक्षा जास्त निघाली. फ्रँक रीसमन यानं १९६५ मध्येच लिहिलं होतं की मदत करणाऱ्याला मदतीचा स्वतःला लाभ होतो. आमच्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. शिकवण्यानं शिकवणाराच वाढत असेल, तर ती जागा कायम हुशार मुलांना देणं म्हणजे लाभ पुन्हा त्यांच्याच पदरात टाकणं.

१९८०च्या सुमारास अमेरिकेत कॅन्सस सिटीतल्या जुनिपर गार्डन्स या संशोधन प्रकल्पात हा विचार रोजच्या तासात बसवला गेला. वर्गाचे दोन संघ, संघात जोड्या, जोड्या दर आठवड्याला नव्या. एक जण दहा मिनिटं विचारतो, मग घंटा आणि दहा मिनिटं अदलाबदल. बरोबर उत्तराला दोन गुण. चुकलं तर शिकवणारा बरोबर उत्तर सांगतो, शिकणारा ते तीनदा लिहितो किंवा म्हणतो आणि एक गुण मिळवतो. हा एक गुण फार महत्त्वाचा: चूक झाकण्यापेक्षा दुरुस्त करणं मुलाला परवडतं.

जोड्यांचा हिशेब व्हँडरबिल्ट विद्यापीठात डग्लस आणि लिन फुक्स यांनी विकसित केलेल्या पद्धतीत नेमका सापडतो. तीस मुलं वाचनाच्या पातळीनुसार क्रमानं लावायची, यादी मधून दुभंगायची आणि पहिल्याची जोडी सोळाव्याशी, दुसऱ्याची सतराव्याशी लावायची. पहिला तिसाव्याशी बसवला तर अंतर इतकं वाढतं की एक कंटाळतो आणि दुसरा दबतो. क्रमवारी शिक्षकाच्या वहीतच राहते. ती भिंतीवर गेली की तास संपलाच. मुलांची संख्या विषम असेल तर एक तिघांचा गट करावा. वाचनात सरस मूल आधी वाचतं, म्हणजे दुसऱ्याच्या कानावर मजकूर एकदा पडलेला असतो. परिच्छेद वाचून झाला की त्याचं सार दहा किंवा त्याहून कमी शब्दांत सांगायचं. शब्द बोटांवर मोजले जातात, त्यामुळे मजकूर जसाच्या तसा परत म्हणून भागत नाही.

१९८२ मध्ये कोहेन आणि दोघे कुलिक या संशोधकांनी सहाध्यायी शिकवणीवरचे ६५ अभ्यास एकत्र तपासले. परीक्षेतल्या कामगिरीवर सरासरी परिणाम शिकणाऱ्यांत ०.४० आणि शिकवणाऱ्यांत ०.३३ प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेले असतात याचं माप) इतका निघाला. दोघांनाही लाभ होतो, हे त्यातून ठळक झालं.

तो लाभ नेमका कशानं होतो, हे नंतर उलगडत गेलं. संशोधक नोरीन वेब हिनं मुलांच्या गटांतली बोलणी तपासली: समजावून सांगणाऱ्याला फायदा होतो, नुसतं उत्तर मिळालेल्याला होत नाही. २००७ मध्ये रॉस्को आणि ची या संशोधकांनी दाखवलं की शिकवणारी मुलं बहुधा माहीत असलेलंच पुन्हा सांगत राहतात, आणि खोलवर शिकणं होतं ते प्रश्नाला उत्तर देताना स्वतःचं समजणं तपासावं लागतं तेव्हा. म्हणून पहिल्या काही तासांत विषयाइतकाच सराव प्रश्न विचारण्याचाही द्यावा लागतो.

समजा, एकानं १/२ + १/३ = २/५ लिहिलं. 'छेद सारखे कर' असं सांगितलं तर पुढचं उत्तर बरोबर येईल, पण त्यानंतरचं येईलच असं नाही. 'अर्ध्यात काहीतरी मिळवलंस, मग उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं?' असं विचारलं की पेन्सिल थांबते. इथे शिकवणाऱ्यानं घाईनं बोलायचं नाही, मनात पाच आकडे मोजायचे. फिरणाऱ्या शिक्षकानंही शिकणाऱ्याला उत्तर सांगू नये. शिकवणाऱ्याच्या कानाशी जाऊन पुढचा प्रश्न सुचवावा.