याजकांचा आशीर्वाद लोकांच्या तोंडी: स्तोत्र ६७ ची पार्श्वभूमी

हिब्रू बायबलच्या स्तोत्रसंहितेतले ६७ वे स्तोत्र वाचायला मिनिटभरही लागत नाही. वरची सूचना सोडली तर अवघी सात कडवी. देवाने आमच्यावर कृपा करावी, आम्हांला आशीर्वाद द्यावा, त्याच्या मुखाचा प्रकाश आमच्याबरोबर असावा, अशी त्याची सुरुवात आहे. प्राचीन यरुशलेमातल्या भाविकाला ही भाषा ओळखीची होती. हेच मागणे तो मंदिरात याजकांच्या तोंडून ऐकत आला होता.

त्या मूळ आशीर्वादाची तीन वाक्ये ‘गणना’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहेत. पहिला महायाजक अहरोन आणि त्याच्या मुलांनी इस्राएल लोकांना कोणत्या शब्दांत आशीर्वाद द्यावा, हे मोशेला तिथे सांगितले आहे. परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे रक्षण करो, तो आपले मुख तुझ्यावर प्रकाशित करो व तुझ्यावर कृपा करो, तो तुझ्याकडे मुख वळवो व तुला शांती देवो. हिब्रूत ही वाक्ये अनुक्रमे तीन, पाच आणि सात शब्दांची आहेत, म्हणजे आशीर्वाद वाढत वाढत जातो. राजाच्या प्रसन्न चेहऱ्यात जीवन असते, असे नीतिसूत्रे सांगतात. देवाने मुख लपवणे हे तर स्तोत्रकर्त्यांचे सर्वांत मोठे भय. म्हणून मुखाचा प्रकाश मागणे म्हणजे देवाची मर्जी, त्याचे जवळ असणे मागणे.

हे शब्द किती जुने आहेत, याचा पुरावा १९७९ साली हाती आला. यरुशलेमच्या जुन्या शहराच्या नैर्ऋत्येला, हिन्नोम खोऱ्याच्या कडेवर, गाब्रिएल बार्काय यांच्या उत्खननात एका कबरीत चांदीच्या दोन बारीक गुंडाळ्या सापडल्या. मोठी उलगडल्यावर जेमतेम दहा सेंटिमीटर लांब भरली, धाकटी चार. गळ्यात ताईत म्हणून घालायच्या या पत्र्यांवर याजकांच्या आशीर्वादाचे शब्द कोरलेले होते. त्यांचा काळ साधारण इ.स.पू. ६०० च्या आसपासचा, म्हणजे मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या बायबलच्या हस्तलिखित गुंडाळ्यांपेक्षा काही शतकांनी आधीचा मानला जातो. बायबलमधल्या मजकुराचा याहून जुना लेख आजवर मिळालेला नाही. मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की मंदिरातले शब्द तेव्हाच माणसांच्या अंगावर आले होते. आशीर्वाद ऐकून घरी जाण्यावर लोकांचे भागत नव्हते.

स्तोत्र ६७ त्याच वाटेने पुढे जाते. याजक लोकांकडे पाहून ‘तुला’ म्हणत असे, इथे लोक स्वतःच ‘आम्हांला’ म्हणून मागतात. परमेश्वराच्या खास नावाच्या जागी ‘एलोहिम’, म्हणजे देव, असे आले आहे. ४२ ते ८३ या स्तोत्रांच्या संग्रहात बहुतेक ठिकाणी तसेच आढळते. हिब्रू मथळ्यात दाविदाचे नाव नाही. संगीतप्रमुखासाठी, तंतुवाद्यांच्या साथीने गायचे गीत, एवढेच तिथे म्हटले आहे.

खरी झेप दुसऱ्या कडव्यात आहे. आम्हांला आशीर्वाद कशासाठी हवा? पृथ्वीवर तुझा मार्ग कळावा, सर्व राष्ट्रांना तुझे तारण कळावे, यासाठी. आपल्या शेताला पाऊस आणि शत्रूच्या शेताला दुष्काळ, अशी मागणी प्राचीन जगात मुळीच विरळ नव्हती. शत्रूच्या नाशाची प्रार्थना करणारी स्तोत्रे याच संहितेत आहेत. इथे मात्र, मधल्या चौथ्या कडव्यात, परक्या लोकांनी आनंदाने गावे, कारण देव त्यांचाही न्याय सरळपणे करतो आणि त्यांनाही वाट दाखवतो, असे म्हटले आहे. तुझ्याद्वारे पृथ्वीवरची सर्व कुळे आशीर्वादित होतील, हे अब्राहामाला दिलेले वचन या ओळींमागे ऐकू येते. सगळे लोक तुझी स्तुती करोत, हे पालुपद त्या मधल्या कडव्याच्या आधीही येते आणि नंतरही.

मग एकदम शेत येते: भूमीने आपला उपज दिला आहे. त्या डोंगराळ प्रदेशात इजिप्तसारखी नाईल नव्हती, सारी भिस्त शरदापासून वसंतापर्यंतच्या पावसावर. गेझेर येथे १९०८ साली मिळालेल्या, इ.स.पू. दहाव्या शतकातल्या चुनखडीच्या पाटीवर वर्षाचे महिने पेरणी, जवाची कापणी, द्राक्षवेलींची निगा अशा कामांनीच मोजले आहेत. अशा समाजात भरलेले कोठार हीच देवाच्या प्रसन्नतेची खूण होती. हे गीत पीक हाती आल्यावरचे आभार आहे की पुढच्या हंगामाची विनवणी, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मला दोन्ही एकत्रच दिसतात. पीक घरात आलेला शेतकरी पुढच्या पावसाची काळजी सोडत नाही.

यहुदी परंपरेने या स्तोत्राला कापणीच्या दिवसांतच स्थान दिले. वल्हांडण सणाच्या दुसऱ्या दिवशी जवाच्या पहिल्या पेंढीचे अर्पण होई, आणि तिथून सप्ताहांच्या सणापर्यंत ४९ दिवस मोजले जात. मंदिर गेले, अर्पण थांबले, पण ही मोजणी, ‘ओमेर’, आजही रोज रात्री होते आणि त्यानंतर हे स्तोत्र म्हणण्याची प्रथा आहे. मथळा वगळला तर स्तोत्राचे हिब्रू शब्द बरोबर ४९ भरतात. कडव्यांतले शब्द ७, ६, ६, ११, ६, ६, ७ असे दोन्ही बाजूंनी तोलून येतात. त्यामुळे मध्ययुगापासून ते सात फांद्यांच्या दीपवृक्षाच्या, मेनोराच्या, आकारात लिहिले जाऊ लागले. राष्ट्रांच्या आनंदाचे अकरा शब्दांचे कडवे तेव्हा मधला खांब होते.

ख्रिस्ती उपासनेत संत बेनेडिक्टच्या मठवासीयांसाठीच्या सहाव्या शतकातल्या नियमाने ते रोजच्या पहाटेच्या प्रार्थनेत घेतले. मार्टिन ल्यूथरने १५२४ च्या सुमारास त्यावरून जर्मन गीत रचले, आणि १५५२ च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकाने त्याला सायंप्रार्थनेत जागा दिली. कॅथलिक चर्चमध्ये १ जानेवारीला ‘गणना’तला आशीर्वाद आणि हे स्तोत्र एकापाठोपाठ येतात. मूळ आणि त्याचा विस्तार शेजारी ठेवणारी ती योजना फार समर्पक आहे.

मराठी बोलणाऱ्या ज्यूंपर्यंत ही हिब्रू प्रार्थना उशिरा पोहोचली. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाने शतकानुशतके शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रामवार, आणि देव एकच आहे असे सांगणारी ‘शेमा’ ही प्रार्थना जपली, त्यामुळे तेलाचे घाणे शनिवारी बंद ठेवणारे ते ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले गेले. हिब्रू प्रार्थनाग्रंथ मात्र त्यांच्या हाती नव्हते. कोचीनच्या ज्यूंकडून त्यांना उपासनेची रीत मिळाली, १७९६ मध्ये मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान उभे राहिले, आणि १८३२ मध्ये जॉन विल्सन यांचे हिब्रू व्याकरण मराठीतून आले. या समाजाने सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालमधल्या ज्यूंच्या, पद्धतीची उपासना स्वीकारली, आणि ओमेरची मोजणी व तिच्या जोडीचे स्तोत्र ६७ त्या उपासनेचाच भाग आहे.