पायातल्या उघाड्या

आमच्या पेणकडच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, कुणाचा पाय सुजला की निदानं तयारच असतात : किडनी गेली, हत्तीरोग झाला, नाहीतर नजर लागली. शेजारच्या काकूंना तिन्ही ऐकून घ्यावी लागली. घोट्यावर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि भरायला वेळ लागायचा. मंतरलेला काळा दोरा सुजेत इतका रुतला होता की खालची कातडी सोलवटली होती. अशा कातडीतून जंतू शिरतात, म्हणून ‘बांधला तर बिघडतं काय’ हे मला मुळीच पटत नाही. किडनीसाठी लघवी तपासली, हत्तीरोगासाठी रात्री रक्त तपासलं. काही निघालं नाही. मग डॉक्टरांनी बीपीच्या गोळीचं पाकीट मागितलं. अ‍ॅम्लोडिपिन, 10 मिलिग्रॅम.

केशवाहिन्यांतून, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांतून, रोज अंदाजे 8 लिटर पाणी ऊतींमध्ये झिरपतं. ते रक्तात परत नेण्याचं काम लसिकावाहिन्यांचं, म्हणजे लिम्फच्या नळ्यांचं. पेणच्या बाजूची उघाडी, म्हणजे खाडीच्या बांधातलं एकाच बाजूला उघडणारं दार, आठवा. ओहोटीला झाप उघडते, शेतातलं पाणी खाडीत जातं. भरतीचं पाणी तीच झाप दाबून बंद करतं. लसिकावाहिनीत थोड्या थोड्या अंतरावर अशाच एकतर्फी झडपा असतात. दोन झडपांमधला तुकडा म्हणजे लिम्फँजिऑन, आणि त्याची कमाल अशी की भरती-ओहोटी तो स्वतःच घडवतो. भिंतीतल्या स्नायूपेशींचा विद्युतदाब हळूहळू चढतो, ठरावीक पातळीला ‘एल-टाइप’ कॅल्शियम दारं उघडतात, कॅल्शियम आत घुसतं, तुकडा आवळतो. पुढची झडप उघडते, मागची मिटते. मिनिटाला काही वेळा, आपण झोपलेले असतानाही.

अ‍ॅम्लोडिपिन नेमकी हीच दारं अडवतं. धमनिकांच्या, म्हणजे बारीक धमन्यांच्या, भिंतीतली दारं अडली की त्या सैलावतात आणि बीपी उतरतं. पण पुढच्या शिरा तेवढ्या सैलावत नाहीत, त्यामुळे केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि जास्त पाणी झिरपतं. तिकडे लसिकेचा पंपही मंदावत असेल का? शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी लसिकावाहिनीच्या तुकड्यांवर याच गटातलं निफेडिपिन टाकलं, तेव्हा त्यांचं आकुंचन थांबलं. निरोगी स्वयंसेवकांना तेच औषध दिलं, तर पायातला पंप चालूच राहिला! ज्यांच्या लसिकावाहिन्या आधीच अधू आहेत त्यांचं काय, हा आता खरा प्रश्न. स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या नोंदींत या गटाच्या गोळ्या आणि लिम्फेडेमा (लसिका साचून येणारी सूज) यांचा संबंध दिसला आहे; नोंदींवरून कारण सिद्ध होत नाही, पण धागा धरण्यासारखा आहे. मोबाइलवर ‘लिम्फ डिटॉक्स’चे काढे विकणाऱ्यांना यातलं काहीच ठाऊक नसतं.

अशी सूज लघवी वाढवणाऱ्या गोळीने फारशी हटत नाही, कारण अंगात पाणी जास्त झालेलं नसतं, ते चुकीच्या जागी साठलेलं असतं. काकूंनी मनानेच गोळी बंद करायचं ठरवलं होतं; बीपीच्या माणसाने असं करणं मला सुजेपेक्षा भयंकर वाटतं. डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन 5 वर आणलं आणि शिरांनाही सैल करणारी टेल्मिसार्टन जोडली. दोरा कात्रीने कापावा लागला. घोट्याभोवती त्याचा काळसर वळ अजून आहे, पण काकू परवा चप्पल घालून बाजाराला गेल्या.