तू पितोस, पण तू पीत नाहीस

शाळेतल्या इंग्रजीच्या वहीत दोन चुका हमखास सापडतात. 'डज ही लाइक्स टी?' आणि तिची थोरली बहीण, 'डिड शी वेन्ट?'. दोन्हींचं मूळ 'डू'मध्ये आहे.

इंग्रजीची प्राथमिक साहाय्यकारी, म्हणजे दुसऱ्या क्रियापदाच्या मदतीला येणारी, क्रियापदं तीनच: बी, हॅव, डू. कॅन, मे, मस्ट ही मंडळी वेगळी. ती शक्यता, परवानगी, सक्ती असे अर्थ घालतात. बी, हॅव, डू या तिघांना मात्र घरचं काम करून दुसऱ्याकडे राबायचीही सवय. 'हाऊ डू यू डू?' यात पहिला डू गडी आणि दुसरा मालक!

'बी'ची रूपं इतकी विचित्र का? कारण त्यात वेगवेगळ्या घरची भांडी एकत्र आलीत. अ‍ॅम आणि इज हे संस्कृत 'अस्'चे भाऊबंद, बी हा 'भू'चा, वॉज हा 'वस्'चा. आपल्याकडे याच धातूंपासून असणे, होणे, वसणे अशी तीन स्वतंत्र क्रियापदं झाली.

'डू' मात्र उशिरा कामाला लागला. पूर्वी इंग्रजीत प्रश्न विचारताना क्रियापदच उचलून पुढे ठेवत, नकार द्यायचा तर मागे 'नॉट' जोडत. 1611 च्या बायबलमध्ये 'आय नो नॉट' (मला माहीत नाही) असंच आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत डू रुळत गेला. जुन्या रीतीचा अवशेष आपण बालवाडीत पाठ केलेला असतो: 'बा बा ब्लॅक शीप, हॅव यू एनी वूल?'

आता चुकीकडे. 'ही लाइक्स'चा प्रश्न करताना शेवटचा 'स' डूकडे जातो आणि त्याचा डज होतो. लाइक मोकळा राहतो. खूण एकच, ती दोघांना कशी मिळणार? मराठीत आपण हेच करतो. 'तू पितोस'चा नकार 'तू पीत नाहीस'. 'ते पितात'चा 'ते पीत नाहीत'. स आणि त क्रियापदावरून उठून 'नाही'वर जाऊन बसले. 'तू पितोस नाहीस' असं शेंबडं पोरही म्हणत नाही.

'शी वेन्ट'चा प्रश्नही तसाच: भूतकाळाची खूण डिडकडे जाते, म्हणून 'डिड शी गो?'. भूतकाळात मात्र मराठी दगा देते. 'ती गेली'चं 'ती गेली नाही' होतं. गेली जागची हलत नाही. 'डिड शी वेन्ट' जास्त चिवट आहे ती त्यामुळेच, असं मला तरी वाटतं.