सर, सिस्टर, मामा, मावशी आणि ती चेकलिस्ट

नागपुरातल्या कुठल्याही हॉस्पिटलात जा, आयाबाई म्हणजे मावशी, वॉर्डबॉय म्हणजे मामा, नर्स सिस्टर आणि डॉक्टर सर. नावानं हाक मारायची पद्धतच नाही. आणि हॉस्पिटलची क्वालिटी सुधारायची म्हणून जी साधनं बाहेरून आली ना, त्यांच्या गावी हे नव्हतंच.

मुळात ही साधनं कारखान्यातली. १९२४ ला अमेरिकेत बेल टेलिफोनवाल्यांकडे वॉल्टर शूहार्टनं कंट्रोल चार्ट काढला, म्हणजे काम कुठे बिघडतंय ते दाखवणारा आलेख, मग १९५० ला डेमिंग या अमेरिकन क्वालिटी-तज्ज्ञानं ते जपानला जाऊन शिकवलं, पण जपान्यांनी जसंच्या तसं थोडीच घेतलं, ६० च्या दशकात क्वालिटी सर्कल काढून मशीनवरच्या कामगारालाच चूक शोधायला बसवलं. दवाखान्यांकडे लक्ष गेलं उशिरा. १९९९ च्या अमेरिकन रिपोर्टनं सांगितलं की तिथल्या हॉस्पिटलांत चुकांमुळे वर्षाला ४४ हजार ते ९८ हजार माणसं मरतात, तेव्हा कुठे धावपळ सुरू झाली.

मग २००८ ला जागतिक आरोग्य संघटनेची ऑपरेशनची चेकलिस्ट आली, १९ मुद्दे. दिल्ली धरून आठ शहरांत करून पाहिली तर मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ वर आले. त्यात एक मुद्दा असा की चिरा द्यायच्या आधी टीममधल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं, म्हणजे पुढे काही चुकतंय असं वाटलं तर बोलायला जीभ रेटते. आता सिस्टरनं सरांना म्हणायचं, "थांबा सर, साईड चुकतेय." बोलेल का ती? हॉफस्टेड नावाच्या डच माणसानं आयबीएमच्या देशोदेशींच्या नोकरदारांचा सर्व्हे करून १९८० ला मांडलं होतं, वरच्याचा वरचेपणा माणसं किती मुकाट्यानं मानतात त्याचा आकडा, भारत ७७, अमेरिका ४०. असे आकडे मी जपूनच घेतो, अख्ख्या देशाला एक मार्क कसला देता? आणि कॅनडातल्या ऑन्टारिओत १०१ हॉस्पिटलांत चेकलिस्ट सक्तीची केली तर २०१४ च्या अभ्यासात मृत्यूंमध्ये म्हणावा असा फरक दिसलाच नाही, म्हणजे नुसते टिकमार्क करून मोकळं व्हायची सवय आपलीच नाही.

आपल्याकडे सरकारी दवाखान्यांसाठी २०१३ ला राष्ट्रीय क्वालिटी स्टँडर्ड आले, २०१५ ला कायाकल्प ही दवाखान्यांच्या स्वच्छतेची योजना, त्यात पेशंटचं मत विचारायचं असतं. नागपूर आधी मध्यप्रांताची आणि मग १९५६ पर्यंत जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी, त्यामुळे छिंदवाडा-बालाघाटचे पेशंट आजही इकडेच येतात, गडचिरोलीचे तर येतातच, कोणाची बोली गोंडी कोणाची हिंदी, आणि फॉर्म छापील मराठीत.

माझ्या काकूचं ऑपरेशन झालं तेव्हा (हॉस्पिटलचं नाव राहू द्या) चादर दोन दिवस बदलली नव्हती. काकांनी फॉर्मवर सगळीकडे 'उत्तम' लिहिलं. मी विचारलं काहून, तर म्हणे, "फुकटात करून राह्यले ना बावा, वरून तक्रार करू का?" शेजारच्या खाटेवर बालाघाटचा माणूस होता, त्याला मराठी वाचता येईना, तर काकांनी त्याचाही फॉर्म भरून दिला. सगळीकडे 'उत्तम'.